आखूड पंखांच्या मागावर: आजरा, आंबोली, वेंगुर्ला

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी मावशीच्या मानेवर बोटभर लांबीचा लाल चट्टा उठला. दुसऱ्या दिवशी त्यावर बारीक फोड आले आणि नुसती आग व्हायला लागली. शेजारच्या बायकांनी बघताक्षणी सांगितलं, नागीण आहे. नागिणीची दोन टोकं एकमेकांना मिळाली की माणूस हाती लागत नाही, असं अजूनही आपल्याकडे मानतात. त्या रात्री घरात कुणाला धड जेवण गेलं नाही. दवाखान्यातही नागीणच धरून गोळ्या दिल्या. मी आठवड्याने आजऱ्याला पोचलो तोवर चट्ट्यावर खपली धरली होती. मावशी झोपते तिथे डोक्यावर ट्यूबलाइट आणि खिडकीपलीकडे दहा पावलांवर भाताचं शेत. मी उशीचा अभ्रा झटकला. त्यातून तांदळाच्या दाण्याहून जरासा लांब, केशरी-काळा किडा पडला आणि शेपूट वर करून मुंगीसारखा पळत सुटला.

तो पेडेरस होता. रोव्ह बीटल म्हणतात त्या कुळातला.

या कुळाला मराठीत नाव नाही, याची मला मनापासून खंत वाटते. शास्त्रीय नाव स्टॅफिलिनिडी. पुढच्या पंखांची टणक ढाल झालेल्या कीटकांना आपण भुंगेरे म्हणतो. त्यांच्यातलं हे ढाल आखूड पडलेलं घराणं. आजवर ६० हजारांहून जास्त जातींची नोंद झाली आहे. जगातले सगळे सस्तन प्राणी, पक्षी, साप-सरडे आणि बेडूक यांच्या जाती एकत्र मोजल्या तरी या एका कुळाची बरोबरी होत नाही. आणि माणसांना त्यातला ठाऊक असतो तो एकच, भाजणारा. म्हणून यंदा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस फक्त यांच्यासाठी काढले. सोबत भाची, सातवीतली. तिने एसटीत बसल्या बसल्या वहीवर नाव घातलं, ‘आखूडपंखी’. मलाही ते पटलं. पुढे तेच वापरतो.

दिवस पहिला: आजरा

कोल्हापूरहून सकाळची गाडी, गडहिंग्लजमार्गे. दुपारच्या जेवणाला मावशीकडे. शेत घनसाळचं. आजरा घनसाळ उशिरा तयार होणारं भात आहे, त्यामुळे इतर वाणांना लोंब्या आल्या तरी हे अजून पोटरीत होतं. बांधावर उभं राहिलं की पायाखाली ओली माती भसकन दबत होती.

भाचीला सांगितलं, वर बघू नकोस, चुडाच्या बुडाशी बघ. पाच मिनिटांत तिला पहिला सापडला. बुडाशी चिकटलेल्या वाळक्या पात्यावरून तो वर चढत होता. डोकं काळं, मान केशरी, मग निळसर चमकणारे दोन आखूड पंख, पुढे केशरी पोट आणि टोकाला पुन्हा काळं. एवढासा जीव, सेंटिमीटरभरही नाही, पण रंग ओरडून सांगणारे: मला खाऊ नका. पात्याच्या आड एक तपकिरी तुडतुडा बसला होता. आखूडपंखी त्याच्या अगदी जवळ जाऊन थांबला, मिशा दोनदा हलल्या, आणि पुढच्या क्षणी तुडतुडा त्याच्या जबड्यात होता. भाची श्वास रोखून बघत राहिली. तुडतुड्यांनी रस शोषला की भाताचा पट्टाच्या पट्टा करपल्यासारखा वाळतो, हे आजऱ्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तो तुडतुडा खाणारा, पानं गुंडाळणाऱ्या अळीवरही ताव मारणारा हा प्राणी शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. शेतात तो राखणदार आणि घरात आला की वैरी, अशी त्याची गत.

मावशी पदर खोचून बांधावर आली. काचेच्या नळीतला किडा डोळ्यांजवळ धरून म्हणाली, “ह्यो एवढासा? ह्येनं माझं मानगूट भाजलं व्हय?”

भाजलं, पण त्याने चावा घेतला नव्हता. नांगीही मारली नव्हती, त्याला नांगीच नसते. पोट वर उचलतो ते बघून विंचवाची आठवण होते इतकंच. त्याचं विष रक्तात असतं. झोपेत मानेवर काहीतरी वळवळलं, मावशीने हात मारून चिरडलं आणि बोट ओढलं. जिथवर रस लागला तिथवर चट्टा. म्हणून हे चट्टे रेघेसारखे येतात. कोपराच्या आतल्या बाजूला लागलं तर हात दुमडल्यावर समोरच्या कातडीलाही लागतं आणि आरशात पाहिल्यासारखे दोन सारखे चट्टे उठतात. तेच बोट डोळ्याला लागलं तर डोळा सुजून लाल होतो. त्रास लगेच होत नाही, साधारण दिवसभराने सुरू होतो. तोवर रात्रीचा किडा कुणाच्या लक्षातही राहत नाही. नागिणीत बहुधा आधी दोन-चार दिवस आतून ठणका असतो, आणि फोड शरीराच्या एकाच अंगाला, मज्जातंतूच्या वाटेने येतात. हा फरक दवाखान्यात कुणी विचारला असता तर एवढी घबराट झाली नसती. मावशीचं वय बासष्ट. नागिणीच्या नावाने तिने घेतलेला धसका मला अजून आठवतो आणि राग येतो.

त्या विषाचं नाव पेडेरिन. १९५३ साली इटलीत पावान आणि बो यांनी ते वेगळं काढलं. त्यासाठी शेतांतून अडीच कोटी किडे गोळा केले होते. पेशीत प्रथिनं बनायचं काम ते बंद पाडतं, म्हणून कातडी अशी सोलवटते. पण मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट पुढची वाटते. हे विष किडा स्वतः बनवत नाही. मादीच्या शरीरात राहणारे जिवाणू ते बनवतात. २००२ साली संशोधकांना त्याची जनुकं त्या जिवाणूंमध्ये सापडली. मादी ते विष अंड्यांत भरते, अंड्यातून अळीला मिळतं. नराकडे जे असतं ते आईकडून आलेलं. प्रयोगात असं दिसलं की विष असलेल्या अळ्यांच्या वाटेला कोळी जात नाहीत आणि विष नसलेल्या अळ्या खाऊन टाकतात. म्हणजे मावशीच्या मानेवर उठलं ते एका आईने लेकरांसाठी बांधून दिलेलं शिदोरीतलं विष होतं. याच्या जवळचं रसायन समुद्रातल्या काही स्पंजांमध्येही मिळालं आहे, कारण तिथेही ते जिवाणूच बनवतात.

मावशीने सगळं ऐकून एकच विचारलं, “मग मारायचं न्हाई म्हणतोस?”

मारायचं नाही. अंगावर दिसला तर फुंकर मारायची, नाहीतर कागद पुढे करायचा, तो आपणहून चढतो. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबणाने धुवायची आणि तो हात डोळ्याला लावायचा नाही. झोपायच्या आधी अंथरूण झटकायचं. संध्याकाळी मावशीची कॉट खिडकीपासून हलवली, ट्यूबलाइट काढून पिवळा दिवा लावला आणि खिडकीला जाळी ठोकली. भाचीने जाळीच्या बाहेरच्या बाजूने चालणारे तीन मोजले.

दिवस दुसरा: आंबोली

सकाळच्या गाडीने तासाभरात आंबोली. इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आम्ही पोचलो तेव्हा तो नुकताच थांबला होता आणि झाडं अजून गळत होती. आंबोलीचे बेडूक, टोड, साप बघायला लोक दुरून येतात. २००९ साली आंबोली टोडला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं तेव्हापासून तर फारच. पाचोळ्यासाठी आलेलं कुणी आमच्या घरमालक काकांना अजून भेटलं नव्हतं. राखीव जंगलातून परवानगीशिवाय काही उचलता येत नाही आणि उचलूही नये. काकांनी घरामागची स्वतःची फणस-जांभळांची दाटी आम्हाला मोकळी करून दिली. बघायचं, फोटो काढायचा, सोडून द्यायचं, एवढंच ठरलं होतं.

साधन साधं. बांधकामावरची वाळू चाळायची चाळण, खाली पांढरी चादर. ओलसर, अर्धवट कुजलेला पाचोळा मूठ मूठ घेऊन चाळणीत टाकायचा आणि हलवायचा. खाली पडतो तो चुरा बघत शांत बसायचं. पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही. मग चुऱ्यातला एक कण चालायला लागतो. मग दुसरा.

दुपारपर्यंत भाचीच्या वहीत एकोणीस वेगवेगळे आखूडपंखी झाले होते, सगळे एका जांभळीच्या बुडाशी. दोन मिलिमीटरचे गोलगरगरीत पोटाचे, मिशांच्या टोकाला गुठळी असलेले. हे सेलाफिनी उपकुळातले, यांना मुंगीप्रेमी भुंगेरे म्हणावं इतके यांचे मुंग्यांशी संबंध. काही धाग्यासारखे बारीक आणि तांबूस, एक चकाकता काळा, दोन सेंटिमीटरचा, विळ्यासारखे जबडे एकमेकांवर आडवे ठेवणारा. चादरीवर पडताच तो डोकं उचलून आमच्याकडे वळला. बाकी सगळे पळाले, हा वळला.

त्याला भिंगाखाली धरून भाचीने जो प्रश्न विचारला त्यासाठी मी तिला इथवर आणलं होतं. “मामा, याचं पोट उघडं का? बाकीच्या भुंगेऱ्यांचं झाकलेलं असतं ना?”

शेणकिडा घ्या, लेडीबर्ड घ्या. सगळ्यांच्या पाठीवर पेटीच्या झाकणासारखे दोन टणक पंख. आत नाजूक उडायचे पंख आणि मऊ पोट. ढाल भक्कम, पण अंग ताठ. आखूडपंखींच्या पूर्वजांनी कधीतरी हे झाकण आखडतं घेतलं. पाठ उघडी पडली, पण कमरेतून वाकता येऊ लागलं. गांडुळाच्या बिळात, सालीच्या फटीत, अळंबीच्या पाकळ्यांत, दोन पानं चिकटली आहेत त्या मधल्या पातळ जागेत, जिथे ताठ अंगाचा भुंगेरा शिरूच शकत नाही तिथे हे शिरतात. जमिनीवरचा सगळा कुजका, ओला, अंधारा मुलूख यांना मोकळा झाला. साठ हजार जाती कशा झाल्या याचं उत्तर मला याच वाकत्या कमरेत दिसतं.

उघड्या पाठीचं रक्षण कोण करणार? त्याची सोय यांनी रसायनांनी केली. पेडेरसने जिवाणू पोसले. एका मोठ्या शाखेने पोटाच्या वरच्या बाजूला ग्रंथी तयार केली, पोट उचलून वळवलं की ती थेट शत्रूच्या तोंडाशी येते. डॅलोशिया नावाच्या चिमुकल्या जातीवर अमेरिकेत कॅलटेकमध्ये काम झालं, ते २०२१ साली प्रसिद्ध झालं. तिच्या ग्रंथीत दोन प्रकारच्या पेशी आहेत. एक प्रकार जहाल क्विनोन बनवतो, पण ते घन असतं, एकटं कामाचं नाही. दुसरा प्रकार तेलकट द्रावक बनवतो, तो एकटा निरुपद्रवी. दोन्ही एका पिशवीत आले की शस्त्र तयार. परदेशात हरितगृहांतल्या कुंडीमाशा आणि फुलकिडे खायला हीच जात पाळून विकतात.

आमचा काळा पहिलवान अजून चादरीवर होता. सुकी काडी जवळ नेली तसं त्याने पोट विंचवासारखं उचललं, टोकाशी दोन पांढरट गाठी बाहेर आल्या आणि सडक्या फळासारखा उग्र दर्प आला. भाचीने वहीत लिहिलं, ‘वास घेतला. मामाने पण.’

जेवताना काकांनी विचारलं, यांची यादी कुणी केली आहे का? केली आहे. माल्कम कॅमेरॉन हा ब्रिटिश नौदलातला डॉक्टर. तो डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत कीटकांच्या वर्गीकरणाच्या कामाला लागला आणि १९३० ते १९३९ या काळात त्याने भारतातल्या या कुळावर ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत चार खंड लिहिले. आजही भारतातला आखूडपंखी ओळखायला बसलं की तेच उघडावे लागतात. शंभर वर्षं होत आली. सह्याद्रीच्या पाचोळ्यासाठी आपल्या माणसांनी आपल्या भाषेत असं काही लिहावं, ही माझी इच्छा आहे. एकोणीस जाती एका जांभळीखाली मिळतात तिथे कामाला तोटा नाही.

रात्री अंगणात पांढरी चादर बांधून तिच्यावर दिवा सोडला. आठ वाजेपर्यंत पतंगांनी चादर भरली. साडेआठला एक आखूडपंखी येऊन आदळला. उडताना ओळखू येत नाही, कारण उडायचे पंख अंगाएवढे लांब असतात. ते इतक्या छोट्या ढालीखाली मावतात कसे, हे आम्हाला बघायचं होतं. भाचीने मोबाईलवर स्लो मोशन लावून ठेवलं होतं. तिला चौथ्या प्रयत्नात जमलं.

तो उतरला. दोन्ही पंख पाठीवर एकावर एक पसरलेले, पारदर्शक, पोटाच्या टोकापर्यंत आलेले. मग पोट वर उचललं गेलं आणि त्याने हातासारखं काम सुरू केलं. डावीकडून एकदा ढकललं, वरच्या पंखाला चुणी पडली. उजवीकडून ढकललं, खालच्याला वेगळ्या जागी चुणी पडली. पुन्हा डावीकडून. साडीच्या निऱ्या खोचाव्यात तसे पंख ढालीखाली सरकत गेले. शेवटी एक कोपरा बाहेर राहिला होता, पोटाच्या टोकाने तो अलगद आत खोवला. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. जपानी संशोधकांनी २०१४ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं तेव्हा कळलं की डावा आणि उजवा पंख एकसारखे दुमडतच नाहीत. दोघांच्या घड्यांचा नकाशा वेगळा, आणि किडा हवं तेव्हा डाव्या-उजव्याची अदलाबदलही करतो. उपग्रहावरची घडीची पंखं, छत्र्या, अशा गोष्टींसाठी अभियंते हा नकाशा अभ्यासतात. भाचीने तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. झोपायला गेलो तेव्हा अंथरूण झटकायची आठवण तिनेच केली.

दिवस तिसरा: चौकुळ आणि एक व्हाळ

पहाटेपासून पाऊस. दहाला उघडीप मिळताच चौकुळच्या सड्यावर गेलो, शेण बघायला. कालचं शेण सर्वात चांगलं, वर साय धरलेली आणि आत ओलं. काठीने कडा उचलली की माशीच्या अळ्या दिसतात, आणि त्यांच्यामागे लागलेले आखूडपंखी. गुरं राखणारे एक आजोबा घोंगडी घेऊन जवळ येऊन उभे राहिले. “शेणात काय गावतलां तुमका?” मी काठीच्या टोकावरचा काळा किडा दाखवला. त्यांनी वाकून बघितलं. “हो तर रोज दिसता. नाव म्हायत नाय.” मग स्वतःच चार पोवटे पालथे करून दाखवले, कुठल्यात जास्त असतात ते त्यांना बरोबर माहीत होतं.

यांच्यातला अलिओकारा नावाचा वंश माशांचा काळ आहे. मोठा किडा माशीची अंडी आणि अळ्या खातो. त्याची पिल्लं आणखी पुढची. अंड्यातून निघालेली अळी माशीचा कोष शोधते, त्याला दातांनी भोक पाडून आत शिरते, आतली माशी हळूहळू खाते आणि त्याच कोषात वाढते. भुंगेऱ्यांमध्ये असं परजीवी आयुष्य फारसं कुणाचं नाही. गुरांच्या डोळ्यांवर बसणाऱ्या माश्या शेणातच वाढतात, हे आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पालथे केलेले पोवटे पायाने पुन्हा सरळ करून ठेवले.

परतताना पावसाने गाठलं. दुपार काकांच्या ओट्यावर गेली. काकूंनी सोलकढी दिली. ओट्यासमोर एक वारूळ आहे, वाळवीचं. गोव्याकडे त्याला रोयण म्हणतात आणि पावसाच्या सुरुवातीला त्यावर उगवणारी अळमी फार मोलाची. आम्ही ते उकरलं नाही, पण त्याच्याकडे बघत भाचीला सांगत बसलो की मुंग्या-वाळव्यांच्या घरात चोरून राहणं यात या कुळासारखं तरबेज कुणी नाही. दक्षिण अमेरिकेतल्या लष्करी मुंग्यांच्या फौजेत हे मुंगीचं रूप घेऊन चालतात. कंबर बारीक, पाय लांब, रंग तोच. मारुयामा आणि पार्कर यांनी २०१७ साली दाखवलं की असं मुंगीरूप या कुळात निदान बारा वेळा स्वतंत्रपणे घडलं आहे, आणि त्या सगळ्यांचा समान पूर्वज दहा कोटी वर्षांपूर्वीचा. युरोपातला लोमेकुसा तर मुंग्यांना अंगातला स्राव चाटायला देतो आणि त्या बदल्यात मुंग्या त्याच्या अळ्यांना आपल्या पोरांसारखं भरवतात. ऑस्ट्रेलियात २०२३ साली एका वाळवीच्या घरात नवी जात सापडली. तिचं पोट फुगून पाठीवर उलटं वळलं आहे आणि त्याला वाळवीचा आकार आला आहे, डोकं, धड, पायांसारखी टोकंसुद्धा. पाठीवर वाळवीची बाहुली घेऊन हा भुंगेरा अंधारात फिरतो. भाची त्यानंतर बराच वेळ वारुळाकडे टक लावून होती.

पाचला पाऊस ओसरला आणि आम्ही काकांच्या बागेखालच्या व्हाळाकडे उतरलो. हिरण्यकेशीचा उगम इथून जवळच. पण तिथलं कुंड २०२० साली नाव मिळालेल्या एका छोट्या माशाचं घर आहे आणि जैवविविधता वारसा स्थळ आहे, तिथे पाण्याशी खेळायचं नाही. व्हाळाच्या काठी, शेवाळलेल्या दगडावर मला जो हवा होता तो मिळाला. स्टेनस. पाच मिलिमीटरचा, काळा, आणि डोळे डोक्याएवढे मोठे. एकट्या या वंशात ३ हजारांवर जाती आहेत. याच्या खालच्या ओठाची लांब काठी होते, टोकाला चिकट गादी. उड्या मारणारा स्प्रिंगटेल समोर आला की रक्तदाबाने ती काठी काही मिलिसेकंदांत पुढे फेकतो आणि चिकटलेलं भक्ष्य ओढून घेतो. ते बघायला मिळालं नाही. दुसरं मिळालं.

त्याचा तोल जाऊन तो पाण्यावर पडला. साध्या पाण्यावर पाय मारत दोन सेकंद चालला. मग पोटाचं टोक पाण्याला टेकवलं आणि एकदम, पाय न हलवता, समोरच्या काठापर्यंत सरकत गेला. कुणीतरी दोरी ओढावी तसा. आमच्या दोघांच्याही तोंडून एकच आवाज निघाला.

कापराची वडी पाण्यावर टाकली की ती आपोआप पळते, हे आपण लहानपणी सगळ्यांनी केलं आहे. तेच तत्त्व. स्टेनस पोटाच्या टोकातून स्टेनुसिन नावाचा द्रव सोडतो, मागचं पृष्ठताण कमी होतं आणि पुढचं पाणी त्याला खेचून घेतं. सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त वेग मोजला गेला आहे. अंगाच्या लांबीच्या शंभरपट अंतर एका सेकंदात. रात्री काकूंकडून देवघरातला कापूर मागून भाचीने ताटात पाणी घेतलं आणि काकांच्या दोन्ही नातवंडांना स्टेनस कसा पळतो ते करून दाखवलं.

दिवस चौथा: वेंगुर्ला

घाट उतरून सावंतवाडी, तिथून वेंगुर्ला. मळभ, भरती लागायला दोन तास. समुद्र म्हटलं की कीटक आठवत नाहीत, खाऱ्या पाण्याशी फार थोड्यांनी सोयरीक केली आहे. आखूडपंखींनी केली. लाटांनी वाळूवर टाकलेला शेवाळाचा, काटक्यांचा पट्टा असतो ना, त्याच्याखाली यांचं घर. तिथे माशीच्या अळ्या असतात, उड्या मारणारे बारीक कवचधारी असतात, म्हणजे चौकुळच्या शेणातलाच बाजार इथे शेवाळात भरतो.

दुसऱ्याच झुपक्याखाली मिळाले. मळकट तपकिरी, चपटे, सेंटिमीटरभराचे, आणि अफाट चपळ. झुपका उचलला की क्षणात वाळूत दिसेनासे. भाचीने गुडघ्यावर बसून हळू उचलायची पद्धत काढली, एका कडेने, वाऱ्याला पाठ करून.

युरोपच्या खाजणांत यांचा एक नातेवाईक राहतो, ब्लेडियस स्पेक्टाबिलिस. त्याची मादी चिखलात बाटलीसारखं बीळ करते, मान इतकी अरुंद की पाणी एकदम आत शिरत नाही. भरती आली की ती तोंडाशी येऊन चिखलाने ते बंद करते. ओहोटीला उघडते, नाहीतर आत हवा कोंडते. अंडी वेगवेगळ्या कोनाड्यांत ठेवते, पिल्लांना शैवाल आणून भरवते. आईला दूर केलं तर पिल्लं पाण्याने नाहीतर बुरशीने मरतात, हे १९८० च्या दशकात प्रयोगाने सिद्ध झालं. आजऱ्यातल्या पेडेरसची आई आणि ही आई, दोघींची तऱ्हा वेगळी.

साडेचारला भरती चढायला लागली. लाट शेवाळाच्या पट्ट्यापासून हातभर अंतरावर येऊन परत जात होती. आम्ही पट्ट्याच्या वरच्या बाजूला चपला काढून बसलो. एक मोठी लाट आली, तिने शेवाळाचा झुपका उचलला आणि त्याच्याखालून सात-आठ आखूडपंखी एकदम उडाले. पाणी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत घडीतले पंख उलगडून हवेत. दोन-तीन मीटर वर येऊन ते उतरले, सुक्या पट्ट्यावर.

एक माझ्या चपलेच्या अंगठ्याशी बसला. भाचीने माझा हात धरून मला हलू दिलं नाही. पोट वर आलं. डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा, पुन्हा डावीकडून. एक कोपरा बाहेर राहिला. पोटाच्या टोकाने तो आत खोवला, आणि तो वाळक्या शेवाळाखाली शिरला.